औंसांचा हिशेब: शिकारी रायफलीसाठी हलका, परवडणारा स्कोप

कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाची शिकार बहुधा नऊ ते अकरा हजार फूट उंचीवर होते. गाडीरस्ता संपतो तिथून खरी चाल सुरू होते आणि रायफल दिवसभर अंगावर वागवावी लागते. त्यामुळे गेली चाळीस वर्षे अमेरिकेतल्या बंदूक-कारखान्यांनी वजन उतरवण्याचा ध्यास घेतला आहे. रेमिंग्टनने 1986 मध्ये आपल्या मॉडेल 700 ची ‘माउंटन रायफल’ काढली. वेस्ट व्हर्जिनियात मेल्विन फोर्ब्ज यांनी ‘अल्ट्रा लाइट आर्म्स’मधून पाच पौंडांच्या आसपासची रायफल बनवून दाखवली. पुढे किंबरची ‘माउंटन असेंट’ 4 पौंड 13 औंसांवर आली. लाकडी दस्त्याची जागा केव्हलारने आणि मग कार्बन फायबरने घेतली. पोलादाच्या काही भागांत टायटॅनियम आले. ग्राहकांनीही एकेका औंसासाठी घसघशीत डॉलर मोजले.

आणि मग त्याच ग्राहकांनी त्या रायफलीवर दीड पौंडाचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, चढवला.

‘हलका आणि परवडणारा स्कोप कोणता?’ हा प्रश्न अमेरिकन शिकाऱ्यांत वर्षानुवर्षे विचारला जातो तो या विसंगतीमुळे. उत्तरादाखल एखादे मॉडेल सांगून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. पण मॉडेले दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, प्रश्न बदलत नाही. इतिहास, भिंगांचे शास्त्र, बाजार आणि वापर या चारही बाजूंनी पाहिले, तर उत्तराची दिशा एकच दिसते: हलकेपणा आणि स्वस्ताई या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. कमी मागणाऱ्याला दोन्ही एकदम मिळतात. भांडण होते ते तिसऱ्याच गोष्टीशी, आणि ती म्हणजे भरवसा.

पौंड कुठे वाढतो

आधी साधा हिशेब. रायफल सहा पौंडांची धरू. तिच्यावर 12 औंसांचा स्कोप आणि तो धरून ठेवणाऱ्या 3 औंसांच्या ॲल्युमिनियमच्या कड्या बसवल्या, तर सगळे मिळून 6 पौंड 15 औंस, म्हणजे सुमारे 3.15 किलो होतात. त्याच रायफलीवर 24 औंसांचा स्कोप आणि 7 औंसांचे पोलादी माउंट बसवले की 7 पौंड 15 औंस, म्हणजे 3.6 किलो. फरक बरोबर एक पौंडाचा. हाच एक पौंड रायफलीतून कमी करायचा, तर साधी रायफल सोडून टायटॅनियम-कार्बनच्या वर्गात जावे लागते आणि किंमत कैक पटींनी चढते. स्कोपमधून तो काढला तर उलट पैसे वाचतात, कारण 12 औंसांचा साधा स्कोप 24 औंसांच्या भरगच्च स्कोपपेक्षा बहुधा स्वस्तच असतो.

वजन कुठे आहे, हेही महत्त्वाचे. स्कोप रायफलीच्या माथ्यावर बसतो. हलक्या रायफलीवर जड स्कोप ठेवला की गुरुत्वमध्य वर सरकतो, रायफल हातात एका बाजूला कलू पाहते आणि उभ्याने नेम धरताना ते जाणवते. आणखी एक गोष्ट धक्क्याची. .30-06 चे काडतूस आठ पौंडांच्या रायफलीतून झाडले, तर रायफल सेकंदाला साधारण साडेबारा फूट वेगाने मागे येते. सहा पौंडांच्या रायफलीतून तेच काडतूस झाडले की हा वेग साडेसोळा फुटांवर जातो. धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. त्या झटक्यात स्कोपला आपल्याबरोबर खेचून नेण्याचे काम कड्यांच्या चार-आठ बारीक स्क्रूंवर येते. स्कोप जितका जड, तितका तो जागच्या जागी राहू पाहणार आणि स्क्रूंवरचा ताण तितका जास्त. म्हणून हलक्या रायफलीला हलका स्कोप लागतो, तो केवळ खांद्याच्या सुखासाठी नव्हे.

एकोणीस डॉलरांपासून

स्कोप सामान्य शिकाऱ्याच्या हातात आला तो विल्यम वीव्हर यांच्यामुळे. त्यांनी 1930 मध्ये ‘330’ हा जेमतेम अडीच पटींच्या आसपासचा, पाऊण इंची नळीचा स्कोप 19 डॉलरांना विकायला काढला. पुढे टेक्सासमधल्या एल पासो इथे त्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने स्प्रिंगफील्ड एम1903ए4 या निशाणबाजांच्या रायफलीवर हाच स्कोप वेगळ्या नावाने बसवला. आजच्या मापाने तो खेळण्यासारखा वाटेल, पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली: नळीच्या टोकावरची माशी, मागची खाच आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत धरण्याऐवजी एकाच प्रतलात फुली आणि लक्ष्य दिसले, की सामान्य माणसाचाही नेम सुधारतो. पटी वाढवणे हा नंतरचा नाद. मूळ फायदा हा होता.

त्या काळच्या स्कोपचा शत्रू धुके होता. थंडीत आत ओल गोठायची आणि ऐन वेळी काच पांढरी पडायची. ओरेगॉनमधल्या लूपोल्ड कंपनीने 1947 मध्ये नळीत नायट्रोजन भरून हा प्रश्न सोडवला. 1962 मध्ये याच कंपनीची ‘ड्युप्लेक्स’ रेषा आली: कडेला जाड आणि मध्ये बारीक अशी फुली, जी अंधुक उजेडातही डोळ्याला मध्यावर नेते. साठच्या दशकात डेन्व्हरच्या रेडफील्डसारख्या कंपन्यांनी पटी बदलता येणारे स्कोप रुळवले आणि 3-9×40, म्हणजे तीन ते नऊ पटी आणि पुढचे भिंग 40 मिलीमीटर, हे माप हरणाच्या शिकारीचे जणू सरकारी माप होऊन बसले.

‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूकविषयक संपादक जॅक ओ’कॉनर हे डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीतले मान्यवर नाव. त्यांच्या आवडत्या .270 विंचेस्टर रायफलीवर स्थिर चार पटींचा स्कोप होता, आणि अलास्का-युकॉनपासून इराणपर्यंतच्या डोंगरांत शिकार केलेल्या या माणसाला त्यात काही कमी वाटले नाही. नव्वदनंतर लष्करी निशाणबाजी आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे वारे शिकारीत शिरले. 30 आणि मग 34 मिलीमीटरच्या नळ्या, नेम वर-खाली सरकवणाऱ्या उघड्या फिरत्या चकत्या, बाजूला फोकसचे बटन, उजळणारी रेषा. स्पर्धेसाठी गाजलेला व्हॉर्टेक्स कंपनीचा रेझर एचडी जेन-2, 4.5-27×56, एकटाच 48.5 औंसांचा, म्हणजे पावणेचौदाशे ग्रॅमच्या घरातला आहे. स्पर्धेच्या जड रायफलीवर तो शोभतो. पण त्याच्याकडे पाहून शिकाऱ्यांच्याही अपेक्षा फुगल्या, आणि ‘साधा’ स्कोपही वीस औंसांकडे सरकला.

वजन नेमके कशाचे

स्कोपचे वजन मुख्यतः काच आणि धातू यांचे. पुढचे भिंग 40 चे 50 मिलीमीटर केले की काच वाढते, तिला सामावणारा फुगवटा वाढतो, आणि तो नळीला टेकू नये म्हणून कड्याही उंच घ्याव्या लागतात. उंच कड्या म्हणजे दस्त्यावरून गाल उचलला जाणे, म्हणजे नेमाची बैठकच मोडणे. 30 मिलीमीटरची नळी जास्त उजेड देते हा समज चुकीचा आहे. तिचा खरा उपयोग आतल्या भिंगसंचाला वर-खाली सरकायला जास्त जागा मिळण्याचा. ज्याला सहाशे-आठशे यार्डांसाठी चकती फिरवायची आहे, त्याच्या कामाची ती जागा. तीनशे यार्डांच्या आत थांबणाऱ्याला एक इंची नळी पुरते.

पटींचा पल्लाही वजनदार असतो. तीन ते नऊ म्हणजे तिपटीचा पल्ला. तीन ते पंधरा म्हणजे पाचपटीचा. पल्ला वाढला की भिंगे वाढतात आणि यंत्रणा गुंतागुंतीची होते. स्वस्त स्कोपमध्ये हा मोठा पल्ला मिळत असेल, तर कसर दुसरीकडे कुठेतरी काढलेली असते: काचेत, लेपात, नाहीतर आतल्या स्प्रिंगांत. बाजूच्या फोकसचेही तेच. लूपोल्डसारख्या कंपन्या शिकारी स्कोपचा फोकस 150 यार्डांवर कायम करून पाठवतात. अशा 40 मिलीमीटरच्या स्कोपने 300 यार्डांवर नेम धरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तरी पॅरलॅक्समुळे, म्हणजे डोळा सरकल्याने फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसण्यामुळे, होणारी चूक इंचाच्या आतच राहते. ती टाळण्यासाठी वेगळे बटन, वेगळे भिंग आणि दोन-तीन औंस कशाला?

किती लांब, आणि म्हणून किती पटी

स्कोपच्या दुकानात शिरण्यापूर्वी ठरवायची पहिली गोष्ट अंतर ही आहे. विस्कॉन्सिन किंवा पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचे हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत दिसते. तिथे नऊ पटींची नव्हे, तीन पटींची बाजू कामाची. तीन पटींवर शंभर यार्डांवरचे साधारण 33 फूट रुंद दृश्य दिसते. नऊ पटींवर ते 14 फुटांपर्यंत आक्रसते, आणि झाडांतून पळणारे हरीण त्या तुकड्यात सापडतच नाही. उलट वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी दोन-तीनशे यार्डांवर उभा असतो. पण तिथेही हिशेब करून पाहावा: सहा पटींतून तीनशे यार्डांवरचे जनावर पन्नास यार्डांवर असल्यासारखे दिसते. पन्नास यार्डांवरचे हरीण कुणाला दिसत नाही?

गोळीच्या मार्गाचा हिशेबही याच बाजूचा आहे. .270 विंचेस्टरची 130 ग्रेनची गोळी 200 यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर ती बरोबर फुलीवर लागेल असा स्कोप जुळवला, तर 300 यार्डांवर ती सहा-सात इंच खाली लागते आणि 400 यार्डांवर दीड फुटाच्या आसपास. जुन्या शिकाऱ्यांची रीत अशी की शंभर यार्डांवर गोळी तीन इंच वर लागेल असा झिरो करायचा. मग तीनशे यार्डांपर्यंत ती नेमाच्या रेषेपासून चार इंचांच्या आत वर-खाली राहते. हरणाचा मर्मभाग आठ-दहा इंचांचा. म्हणजे मध्यावर फुली धरायची आणि चाप ओढायचा. चकती फिरवणे नाही, खुणा मोजणे नाही. तीनशे यार्डांची ही मर्यादा ज्याने मनाशी पक्की केली, त्याला उघड्या चकत्या, पटींबरोबर लहान-मोठी होणारी पहिल्या प्रतलातली रेषा आणि पंधरा-वीस पटी लागत नाहीत, आणि त्यांचे वजन आणि किंमतही भरावी लागत नाही.

लांबच्या नेमाचे समर्थक म्हणतात की सुविधा असाव्यात, वापरणे न वापरणे आपल्या हाती. पण सुविधा हाताशी असली की मोह होतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’ची, म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी देण्याची कल्पना रुजवली. त्या परंपरेत वाढलेले शिकारी आजही लांबून गोळी झाडण्यापेक्षा जवळ सरकण्याला कौशल्य मानतात. हलका स्कोप या जुन्या शिस्तीशी आपोआप जुळतो.

मोठ्या पटींची मागणी आणखी एका वाईट सवयीतून येते: स्कोपने जनावरे शोधण्याच्या. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, आणि झुडपाआड हलणारे काहीतरी दुसरा शिकारी निघू शकते. शोधण्यासाठी गळ्यात आठ किंवा दहा पटींची साधी दुर्बीण हवी. ती असली की शिंगांची टोके मोजायचे काम स्कोपकडून निघते, आणि स्कोप लहान करता येतो.

उजेडाचे गणित

दुसरा प्रश्न उजेडाचा. हरीण पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडते, त्यामुळे ‘मोठे भिंग, जास्त उजेड’ हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी ठरलेले. ते अर्धेच खरे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. 40 मिलीमीटरचा स्कोप नऊ पटींवर 4.4 मिलीमीटरचा झोत देतो, सहा पटींवर 6.7 चा. माणसाच्या डोळ्याची बाहुली तरुणपणी अंधारात सात मिलीमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास अडते. म्हणजे संधिप्रकाशात पटी थोड्या उतरवल्या की 40 चे भिंगही डोळा घेऊ शकेल तितका उजेड देते. अडीच पटी आणि 20 मिलीमीटरच्या चिमुकल्या स्कोपचाही झोत आठ मिलीमीटरचा असतो. मोठे भिंग लागते ते अंधारात मोठ्या पटी हव्या असतील तर.

युरोपातले स्कोप जड का, याचे उत्तर इथे मिळते. जर्मनीच्या कायद्यात शिकारीची रात्र सूर्यास्तानंतर दीड तासाने सुरू होते आणि रानडुकराला रात्रीच्या बंदीतूनही सूट आहे. मचाणावर बसून चांदण्यात डुकराची वाट पाहणाऱ्याला 8×56 चा सात मिलीमीटरचा झोत आणि उजळणारी रेषा खरोखर लागते. मचाणावर वजनाचे ओझेही नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत हरणाची शिकार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने थांबवावी लागते. ज्या अंधारासाठी ते 56 मिलीमीटरचे भिंग घडले, तो पडण्याआधीच अमेरिकन शिकाऱ्याने रायफल रिकामी केलेली असते.

उजेडात खरा फरक पाडतो तो लेप. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परततो. आठ भिंगांचे सोळा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत जेमतेम निम्मा उजेड पोचतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये परावर्तनरोधी लेप शोधला, आणि आजच्या बहुस्तरीय लेपांनी पृष्ठभागामागचे नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणले. सोळा पृष्ठभागांतूनही नव्वद टक्क्यांहून जास्त उजेड पार होतो. हे लेप आता तीनशे डॉलरांच्या स्कोपवरही असतात. म्हणून आजचा मध्यम किमतीचा 3-9×40 हा वडिलांच्या काळातल्या उंची स्कोपपेक्षा उजळ दिसतो. काचेपुरती स्वस्ताई आता फारशी भीतीदायक राहिलेली नाही.

झिरो टिकतो का?

खरा वाद काचेचा नाहीच. झिरो केलेला स्कोप घोड्याच्या खोगिरात, विमानाच्या सामानात, दगडावर आपटून, हजार मैल जाऊनही तिथेच गोळी मारतो का, हा आहे. इथे शिकाऱ्यांत दोन पक्ष दिसतात.

पहिला पक्ष म्हणतो, हलकेपणा भरवशाच्या मोबदल्यात येतो. आतली नळी पातळ, स्प्रिंग बारीक, चकत्यांचे आटे नाजूक. या पक्षातले काही जण स्कोप बसवलेली रायफल मुद्दाम अठरा आणि मग छत्तीस इंचांवरून चटईवर पाडतात आणि प्रत्येक वेळी गोळी कुठे लागते ते पाहतात. नाइटफोर्स किंवा एसडब्ल्यूएफए यांच्यासारख्या ब्रँडच्या, वीस औंसांच्या आसपासच्या किंवा त्याहून जड स्कोपांची त्यांच्यात ख्याती आहे. एसडब्ल्यूएफएच्या स्थिर पटींच्या स्कोपांची काच साधी आणि सोयी थोड्या, पण अंतर्भाग दणकट. पैसे कुठे घालायचे याचे ते एक वेगळे उत्तर आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, दहा-बारा औंसांच्या स्कोपांनी साठ-सत्तर वर्षे शिकार झाली आहे. एखाद-दुसरा नमुना पाडून सगळ्या मॉडेलवर शिक्का मारता येत नाही, आणि पुष्कळदा ढिली असते ती कडी, दोष येतो स्कोपवर. या म्हणण्यातही तथ्य आहे. आपटल्यावर आघाताचे बळ वस्तुमानाबरोबर वाढते, त्यामुळे हलक्या स्कोपला स्वतःच्या वजनाचा मार कमी बसतो हेही खरे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत असे की हलकेपणा दोन प्रकारचा असतो. एक, वस्तूत मुळात भाग कमी असल्याने आलेला. दुसरा, तेवढेच भाग पातळ करून आणलेला. पहिला विश्वासार्ह, दुसरा संशयास्पद. दहा औंसांचा स्थिर चार पटींचा स्कोप हलका आहे, कारण त्यात पटी बदलणारी यंत्रणाच नाही. दोनशे डॉलरांचा, मोठ्या पल्ल्याचा, बाजूला फोकस आणि उजळती रेषा असलेला स्कोप ‘हलका’ म्हणून विकला जात असेल, तर औंस कुठून काढले ते विचारावे.

तपासणी घरच्या मैदानावरही करता येते. पाच गोळ्यांचा गट घ्यावा. मग चकती वीस खुणा वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या झाडाव्यात. चौकोन पुरा व्हावा आणि शेवटचा गट पहिल्यावर पडावा. पटी कमी-जास्त करून गट हलतो का, तेही पाहावे. यात काडतुसांची एक-दोन खोकी खर्ची पडतात. पण ज्या स्कोपची ही परीक्षा झाली नाही, त्याची किंमत अजून कळलेलीच नसते.

बाजारात काय आहे

किमती हलत्या असतात आणि सवलतींच्या हंगामात बऱ्याच उतरतात, म्हणून इथे पायऱ्या सांगतो.

दीडशे ते दोनशे डॉलरांच्या पायरीवर व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर-2, 3-9×40 हा ओळखीचा चेहरा. वजन 15 औंस, म्हणजे 425 ग्रॅम. या वर्गातले बहुतेक स्कोप आशियातल्या कारखान्यांत बनतात. या पायरीवर हलकेपणा कमी आणि हमी मोठी असते. मालक बदलला तरी चालणारी आजीवन हमी व्हॉर्टेक्सने आपली ओळख बनवली आहे. हमी चांगलीच, पण ती टपालाने पूर्ण होते. डोंगरात तिचा उपयोग नाही.

दोनशे ते साडेतीनशेच्या पायरीवर आपला प्रश्न सुटतो. लूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम 3-9×40 हा 12.2 औंसांचा, म्हणजे 346 ग्रॅमचा. त्याचाच 2-7×33 भाऊ 11.1 औंसांचा, 315 ग्रॅमचा. रेडफील्ड सोडून आलेल्या डॉन बरिस यांनी 1971 मध्ये कोलोरॅडोत काढलेल्या बरिस कंपनीचा फुलफील्ड-2, 3-9×40 हा 13 औंसांचा. उत्पादन बंद झाले असले, तर जुन्या बाजारात असे स्कोप बरे मिळतात. 2-7×33 या मापाकडे दुकानात कुणी फारसे पाहत नाही, कारण सातपेक्षा नऊ मोठे. पण डोंगरी रायफलीसाठी ते फार समतोल माप आहे: सात पटींवर 4.7 मिलीमीटरचा झोत, लहान भिंग, बुटक्या कड्या.

आणखी खाली उतरायचे असेल, तर स्थिर पटी. लूपोल्डचा एफएक्स-2 अल्ट्रालाइट 2.5×20 हा 6.5 औंसांचा, 184 ग्रॅमचा. शंभर-दीडशे यार्डांच्या रानासाठी किंवा अस्वलाच्या मुलखात मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर पुरेसा. त्याच कंपनीचा व्हीएक्स-2 अल्ट्रालाइट 3-9×33 हा 8.8 औंसांचा होता. जुन्या बाजारात दिसला तर जाणकार सोडत नाहीत. जुने घेताना मात्र नकली मालाची भीती आहे. लूपोल्डने स्वतः नकली स्कोपांबद्दल सावध केले आहे. अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यावा.

हजार डॉलरांकडे गेले की पर्याय वाढतात, पण प्रश्नातला ‘परवडणारा’ हा शब्द गळतो. स्वारोव्स्कीच्या झेड-3 मालिकेतला 3-10×42 पावणेतेरा औंसांच्या आत आहे आणि त्याची काच संध्याकाळी बोलते. व्हॉर्टेक्सचा रेझर एचडी एलएचटी 3-15×42 सगळ्या आधुनिक सोयी 19.1 औंसांत बसवतो. त्या सोयींसाठी 19 औंस कमीच आहेत. पण सोयी नको असतील, तर ते सात औंस जास्तीचे.

कड्या, स्क्रू आणि डोळा

हलका स्कोप घेऊन तो जड माउंटवर बसवणे ही नेहमीची चूक. ॲल्युमिनियमच्या एकसंध कड्या दोन-तीन औंसांत काम भागवतात. जुने पोलादी बैठक-कडी जोड याच्या दुपटीहून जड. स्क्रू ताकदीने नव्हे, मोजून आवळावेत: कड्यांसाठी साधारण 15 ते 18 इंच-पौंड, आणि तरीही कंपनीने दिलेला आकडा प्रमाण. बैठकीच्या स्क्रूंचे तेल पुसून ते घट्ट बसवले, की ‘स्कोपचा झिरो हलला’ अशा निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

डोळ्याचे अंतर हा हलक्या रायफलीचा खास मुद्दा. धक्का वाढलेला, त्यात चढावर आडवे पडून नेम धरला की स्कोपची कड भुवईवर चंद्रकोर कोरते. पूर्ण पटींवरही साडेतीन ते चार इंच अंतर देणाराच स्कोप निवडावा. इथेही कमी पटींचे स्कोप उदार असतात: डोळा थोडा मागे-पुढे झाला तरी दृश्य काळे पडत नाही.

मराठी वाचकासाठी दोन शब्द

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटवला, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातल्या दुकानात उभा राहत नाही. आपल्याला ओळखीची रायफल आहे ती कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांची. त्यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, आणि त्या प्रकारात दृश्य मोठे करणाऱ्या दुर्बिणीला परवानगीच नाही. पण नोव्हेंबरच्या अखेरीला विस्कॉन्सिनमधले अर्धे कार्यालय नऊ दिवसांच्या हरीण-हंगामाला निघते, आणि बरोबर जाणारे मराठी सहकारीही असतात. त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद, आणि राज्याचे नियम त्याशिवाय. दुसरे, रायफलीचा स्कोप ही अमेरिकेत निर्यात-नियंत्रणाखालची वस्तू आहे. भेट म्हणून सुटकेसमध्ये घालून आणायची ती गोष्ट नव्हे. झोताच्या जाडीचा आणि लेपांचा हिशेब मात्र भिगवणला पक्षी पाहायला निघालेल्याच्या 8×42 दुर्बिणीलाही जसाच्या तसा लागू पडतो.

मग घ्यावे काय

आधी आपले शेवटचे अंतर ठरवा: ज्यापलीकडे आपण चाप ओढणार नाही असे अंतर. ते शंभर-दीडशे यार्ड असेल, तर 2.5×20 किंवा स्थिर चार पटी. तीनशे असेल, तर 2-7×33, आणि सवयीमुळे नऊ पटी हव्याच असतील तर 3-9×40. वजन 11 ते 13 औंस, किंमत तीनशे डॉलरांच्या आसपास. चारशेच्या पुढे खरोखर जायचे असेल, आणि तेवढा सरावही असेल, तर हलकेपणाचा हट्ट सोडून वीस औंसांचा दणकट, चकती फिरवल्यावर बरोबर परतणारा स्कोप घ्यावा. त्या पल्ल्यावर वाचलेले आठ औंस जखमी जनावराच्या रूपाने वसूल होतात.

मधली वाट, म्हणजे स्वस्त, हलका आणि सगळ्या सोयींचा स्कोप, जाहिरातीत असते. तिच्यावर जाणारा तिन्हींपैकी एक गोष्ट गमावतो, आणि कोणती ते बहुधा हंगामाच्या मध्यावर कळते. तीनशे यार्डांची मर्यादा मान्य केलेल्या माणसाकडे मात्र एक पौंड आणि निदान दोनशे डॉलर उरतात. त्या डॉलरांत दहा खोकी काडतुसे सहज येत नाहीत, पण चार-पाच येतात. ती उन्हाळ्यात बसून, गुडघा टेकून आणि उभ्याने झाडली, तर नेम जितका सुधारेल तितका तो बाजारातल्या कोणत्याही स्कोपने सुधारणार नाही.